मातीखालचा राजरस्ता

वाचकांचे प्रश्न : पुरातत्त्व

गेल्या अंकात याच सदरात जेरुसलेमच्या जुन्या शहरात उत्खननातून उघड झालेल्या प्राचीन मुख्य रस्त्याविषयी एक टिपण दिले होते. रोमन वळणाच्या शहरात उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्याला कार्डो म्हणतात. जेरुसलेमचा कार्डो दगडी फरशीचा असून त्याच्या दोन्ही अंगांना खांबांच्या ओळी होत्या, आणि आज तो वस्तीच्या पातळीपेक्षा काही मीटर खाली आहे. त्या टिपणावर विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून जी पत्रे आली, त्यांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. चारही एकाच विषयाभोवती फिरणारे असल्याने उत्तरे सलग वाचली तर अधिक उपयोगी पडतील.

प्रश्न : टिपणासोबतच्या छायाचित्रात तो रस्ता खड्ड्यात असल्यासारखा दिसतो. तो जमिनीत खचला की कोणी मुद्दाम बुजवला? आमच्याकडची पांदण बंडीच्या चाकोरीने आणि पावसाच्या पाण्याने दर वर्षी खोल जाते आणि दोन्ही बाजूंचे धुरे उंच वाटू लागतात. तेथेही तसेच झाले का?
*(एक निवृत्त शिक्षिका, तिवसा तालुका)*

उत्तर : बाई, पांदणीचे आपले निरीक्षण अचूक आहे, मात्र वस्तीतल्या रस्त्याचे याच्या अगदी उलट होते. शिवारातल्या रस्त्यावरून माती निघून जाते, तर वस्तीतल्या रस्त्यावर ती येऊन साचते. घर पडते, त्याची माती आणि विटा तेथेच पसरतात, त्यावर नवे घर उभे राहते. राख, शेण, केरकचरा आणि फुटकी भांडी दाराबाहेर जातात. आणि रस्ता दुरुस्त करायचा म्हणजे जुन्यावरच नवी भर घालायची, ही रीत सगळ्या जगात सारखीच आहे. आपल्या गावात जुन्या सिमेंट रस्त्यावर नवा सिमेंट रस्ता पडला की ज्यांचा उंबरठा पूर्वी दोन पायऱ्या वर होता त्यांच्या अंगणात पावसाचे पाणी शिरू लागते, हे आपण पाहिलेच असेल. हेच काम शतकानुशतके चालू राहिले म्हणजे जुना रस्ता कित्येक मीटर खाली राहतो. तो खचलेला नसतो. भोवतालची वस्तीच त्याला सोडून वर चढलेली असते.

जेरुसलेममध्ये ही चढण कशी झाली, ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते शहर उद्ध्वस्त केले. पुढे सम्राट हेड्रियनने इसवी सन १३० च्या सुमारास त्याच जागी ‘एलिया कापितोलिना’ हे नवे रोमन शहर वसवले आणि त्याचा मुख्य रस्ता उत्तरेच्या वेशीपासून दक्षिणेकडे नेला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळी हा रस्ता दक्षिणेकडे आणखी वाढवला गेला. त्याची एकूण रुंदी सुमारे २२ मीटर होती : मध्ये सुमारे १२ मीटरचा उघडा मार्ग आणि दोन्ही बाजूंना सुमारे पाच-पाच मीटरची छप्पर असलेली पडवी, म्हणजे ऊन-पावसाचा त्रास न होता खरेदी करीत चालता यावे अशी सोय. इतका प्रशस्त रस्ता पुढे टिकला नाही, आणि त्याचे कारण कोणताही मोठा उत्पात नव्हता. खांबांमधल्या जागेत दुकाने आली, मग उघड्या मार्गातही बांधकाम आले. १०९९ मध्ये क्रुसेडर, म्हणजे युरोपातले ख्रिस्ती धर्मयोद्धे, जेरुसलेममध्ये आल्यानंतर, बाराव्या शतकात, त्याच ओळीवर तीन अरुंद, समांतर, कमानींनी झाकलेले बाजार बांधले गेले. हे तिन्ही बाजार आजही तेथे आहेत, त्यांतला एक मसाल्यांचा आणि एक खाटकांचा म्हणून ओळखला जातो, आणि त्यांतून फिरणारा माणूस एकाच जुन्या राजरस्त्याच्या रुंदीतून फिरत असतो. एका रुंद रस्त्याच्या तीन बोळी व्हाव्यात हे वाचून आपल्याकडच्या बाजारओळी आठवल्यावाचून राहत नाहीत. मला तरी या सगळ्या हकिकतीत हाच भाग सर्वांत बोलका वाटतो.

दक्षिणेकडचा भाग मात्र घरांखाली पूर्ण झाकला गेला होता. १९६७ च्या युद्धानंतर जुने शहर इस्रायलच्या ताब्यात आले आणि तेथील यहुदी वस्तीची पुनर्बांधणी सुरू झाली, तेव्हा बांधकामाच्या आधी उत्खनन करण्याचे ठरले. १९६९ पासून इस्रायली पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांच्या नेतृत्वाखाली हे काम चालले, आणि त्यात कार्डोचा दोनशे मीटरच्या आसपास लांबीचा भाग उघडा झाला. त्याचा काही भाग आज आकाशाखाली खुला ठेवला आहे, तर काही भागावर नवी घरे उभी असून त्यांच्या खाली, जुन्या खांबांच्या सोबतीने, दुकाने चालतात. आपण छायाचित्रात पाहिलेला कठडा आजच्या रस्त्याच्या पातळीवरचा आहे.

प्रश्न : फरशी आणि खांब सापडले म्हणजे तो शहराचा मुख्य रस्ताच, हे कशावरून ठरवतात? आणि तो सहाव्या शतकातला आहे, दुसऱ्या शतकातला नाही, हे दगडाकडे पाहून कसे कळते?
*(बी.ए.चा एक विद्यार्थी, कुही तालुका)*

उत्तर : दगडाकडे पाहून कळत नाही, हे आपण बरोबर ओळखले. काळ ठरतो तो फरशीच्या खालच्या मातीवरून. फरशी बसवण्यापूर्वी जी भर घातली जाते, तिच्यात त्या दिवसापर्यंत फुटलेली खापरे, हरवलेली नाणी असे काही ना काही मिसळलेले असते. एकदा वर फरशी बसली की त्या भरावात नंतरची वस्तू जाऊ शकत नाही. म्हणून फरशीखालच्या सर्वांत अलीकडच्या वस्तूपेक्षा रस्ता जुना असू शकत नाही. अविगाद यांना दक्षिण भागाच्या फरशीखाली बायझंटाइन, म्हणजे जस्टिनियनच्या पूर्व रोमन साम्राज्याच्या, काळातील खापरे मिळाली. हेड्रियनचा रस्ता थेट येथपर्यंत आला असावा अशी साधारण समजूत होती, ती या खापरांनी बाजूला सारली आणि उत्तर भाग रोमन, दक्षिण भाग त्यानंतर सुमारे चार शतकांचा, असा उलगडा झाला. दक्षिणेकडे रस्ता वाढवण्याचे प्रयोजनही सापडले : जस्टिनियनने बांधलेले आणि ५४३ मध्ये अर्पण झालेले ‘निया’ हे भव्य चर्च त्याच बाजूला होते.

मुख्य रस्ता कोणता, याबाबत जेरुसलेमला एक असे भाग्य लाभले की जे फार थोड्या शहरांना लाभते. जॉर्डनमधील मादाबा गावी एका चर्चच्या जमिनीवर रंगीत दगडी तुकड्यांनी जडवलेला सहाव्या शतकातील नकाशा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे नवे चर्च बांधताना त्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. त्यात जेरुसलेम लंबगोल दाखवले असून उत्तरेच्या वेशीच्या आत एक मोकळा चौक, चौकात एकच उंच खांब, आणि तेथून शहराच्या मध्यातून जाणारा, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी असलेला रस्ता स्पष्ट दिसतो. चौकातला तो खांब आज नाही. तरीही अरबी बोलणारे रहिवासी त्या वेशीला आजही ‘बाब अल-अमूद’, म्हणजे खांबाची वेस, असेच म्हणतात. आताची वेस सोळाव्या शतकातील, सुलतान सुलेमानच्या काळची आहे. पण तिच्याकडे जाणाऱ्या पुलाच्या खाली, एका अंगाला, रोमन काळातील तीन कमानींच्या वेशीपैकी एक लहान कमान अजून उभी आहे. वेस तीच, ओळ तीच, फक्त पातळी वर आलेली. आपल्याला पुढे पुरातत्त्वाचा अभ्यास करायचा असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण शहरात घरे बदलतात, धर्म आणि राज्ये बदलतात, पण वेशीची जागा आणि वेशीकडे जाणारी वाट सहसा बदलत नाही.

जेथे असा नकाशा नाही तेथे मुख्य रस्ता इतर खुणांवरून ओळखावा लागतो. आताच्या पाकिस्तानातील तक्षशिलेच्या सिरकप या नगरात पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी मोठे क्षेत्र उघडले, तेव्हा उत्तरेच्या वेशीपासून सरळ दक्षिणेकडे जाणारा रस्ता, त्याला काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या, रस्त्याच्या कडेची दुकाने आणि लहान स्तूप असे सगळे एका दृष्टिक्षेपात समोर आले. कोणता रस्ता मुख्य, हे विचारण्याची गरजच उरली नाही. तेथूनच जवळ असलेल्या भीर टेकाडावरचे अधिक जुने शहर मात्र वेड्यावाकड्या गल्ल्यांचे आहे, आणि त्यातही एक रस्ता इतरांपेक्षा रुंद आणि सरळ राखलेला दिसतो. मोहेंजोदडोचा मुख्य रस्ता सुमारे नऊ मीटर रुंद असून त्यावर फरशी नाही; तेथे घरांची दारे बहुधा आतल्या गल्ल्यांत उघडतात. म्हणजे रुंदी, सरळपणा, वेशीशी असलेले नाते आणि कडेला काय आहे, या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो. केवळ फरशीवर विसंबता येत नाही.

प्रश्न : आमच्या पवनीला मातीचा तट आहे, खंदक आहे, दरवाजा आहे, स्तूप निघाले. मग जेरुसलेमसारखा रस्ता आमच्याकडे का सापडत नाही? त्या काळी इकडे सगळी खेडीच होती, असे समजायचे का?
*(एक शेतकरी, पवनी तालुका, जिल्हा भंडारा)*

उत्तर : दादा, तसे मुळीच समजू नये. ज्या वस्तीने एका अंगाला वैनगंगा घेऊन बाकीच्या बाजूंनी एवढा तट उभारला आणि खंदक खणला, ती वस्ती खेडे असूच शकत नाही. पवनीच्या परिसरात १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले, त्यात जगन्नाथ टेकडीवर सांचीच्या मोठ्या स्तूपाशी तुलना व्हावी एवढा स्तूप आणि दान देणाऱ्यांची नावे कोरलेले दगडी कठड्याचे अवशेष मिळाले. असे दान देणारे लोक जेथे होते तेथे व्यापार होता, बाजार होता आणि बाजाराला रस्ता होता. पवनी एकटी नव्हे. कुही तालुक्यातील अडम येथे १९८८ ते १९९२ या काळात झालेल्या उत्खननात तटबंदीचे प्राचीन नगर पुढे आले. वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, ज्याला आपण रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखतो, तेथे १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. रामटेकजवळच्या नगरधन येथे अलीकडच्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिची मुद्रा सापडली. विदर्भात नगरे होती. प्रश्न रस्त्याचा पुरावा कोणत्या स्वरूपात उरतो, एवढाच आहे.

पहिले कारण उत्खननाच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काही मीटर लांबी-रुंदीचे खड्डे घेऊन खोलवर जातात, कारण वस्तीचा क्रम आणि काळ समजून घेणे हा पहिला हेतू असतो आणि पैसा, माणसे, परवानग्या मर्यादित असतात. अशा खड्ड्यात घराची भिंत ओळखता येते, चूल ओळखता येते, पण रस्ता ओळखणे फार कठीण, कारण रस्ता ही लांबीनेच ओळखू येणारी गोष्ट आहे. खड्डा रस्त्याच्या मधोमध पडला तरी खणणाऱ्याला केवळ टणक माती लागेल. सिरकपचा रस्ता दिसला तो मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात तक्षशिलेत एवढे मोठे क्षेत्र उघडले म्हणून. मात्र त्या घाईच्या आणि विस्तृत खोदकामात थरांची नोंद हवी तितकी बारीक राहिली नाही, म्हणून १९४४-४५ मध्ये अमलानंद घोष यांना तेथे पुन्हा लहान खड्डे घेऊन काळाचा क्रम तपासावा लागला. रस्ता पाहायचा तर आडवे खणावे लागते आणि काळ ठरवायचा तर उभे. दोन्ही एकाच वेळी साधणे महाग असते.

दुसरे कारण असे की पवनीत आजही नांदते गाव आहे. प्राचीन नगर ज्या तटाच्या आत होते, त्याच तटाच्या आत आज लोक राहतात, आणि राहत्या घराखाली खणता येत नाही. जेरुसलेममध्ये ते शक्य झाले, कारण युद्धात मोडलेली वस्ती नव्याने बांधायची होती. अशी संधी कोणत्याही गावाच्या वाट्याला येऊ नये.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. आपल्याकडची घरे मुख्यतः माती, लाकूड आणि कवेलू यांची. वीट होती, पण घडीव दगडाच्या फरशीने रस्ते मढवण्याची रीत नव्हती. त्यामुळे येथे रस्ता दगडाच्या रूपाने मागे राहत नाही. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये मोकळ्या सोडलेल्या पट्ट्याच्या रूपाने राहतो. अशा पट्ट्याची कड उभी कापून पाहिली तर एकावर एक पातळ, दाबून घट्ट झालेले थर दिसतात : माती, मुरूम, पुन्हा माती, मध्ये राखेची एखादी करडी रेघ. त्या थरांतली खापरे लहान लहान असतात, त्यांच्या कडा झिजलेल्या असतात आणि ती सपाट निजलेली असतात, कारण त्यांच्यावरून माणसे आणि जनावरे चाललेली असतात. उकिरड्यातली खापरे मोठी, धारदार आणि उभी-आडवी कशीही पडलेली सापडतात. कधी एखाद्या थरात दोन समांतर खाचा दिसतात, त्यांत भरलेला गाळ भोवतालच्या मातीपेक्षा काळसर असतो, त्या चाकोऱ्या. इटलीतील पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या रस्त्यावर दगडात रुतलेल्या चाकोऱ्या पाहायला जगभरचे लोक जातात, पण मातीतल्या चाकोऱ्याही तितक्याच खऱ्या असतात. त्या वाचायला मात्र हलका हात आणि तयार नजर लागते, आणि एका पावसात किंवा यंत्राच्या एका घावात त्या कायमच्या जातात.

म्हणून पवनीचा प्राचीन मुख्य रस्ता कोठे असेल याचा शोध घ्यायचा झाला, तर मी फरशीपासून सुरुवात करणार नाही, वेशीपासून करीन. तटाला जेथे दरवाजा आहे, तेथून आत जाणारी वाट किती अंतर सरळ जाते, तिला कोणत्या गल्ल्या मिळतात, पावसाचे पाणी कोणत्या अंगाने वाहून नदीकडे उतरते, आणि भूमी अभिलेख कार्यालयातल्या जुन्या गावठाण नकाशावर घरांच्या हद्दी कोणत्या ओळीवर येऊन थांबतात, हे आधी पाहावे लागेल. सीरियातील दमास्कसमधल्या रोमन काळच्या सरळ रस्त्याची ओळ आजच्या बाजारातूनही ओळखता येते, कारण तेथे लोकांनी चालणे थांबवले नाही. पवनीतही चालणे थांबलेले नाही. यावरून लगेच निष्कर्ष काढता येत नाही, परंतु कधी गावात पाणीपुरवठ्याची किंवा गटाराची नाली खणली जाईल, तेव्हा तिच्या कडांचे थर कोणी तरी जाणकाराने पाहून नोंदवले, तर गावाला न उठवता बरेच काही कळू शकेल.

प्रश्न : आमच्या गावाशेजारी ई-क्लास (सरकारी) जमिनीवर जुन्या रिठी, म्हणजे उठून गेलेल्या, गावाचे टेकाड आहे. लोक तेथून पांढरी माती शेतात टाकायला आणि घराला लावायला नेतात. आता जेसीबी लावून ट्रॅक्टरने नेणे सुरू झाले आहे. मोठ्या विटा, खापरे आणि मातीची गोल कडी निघतात. ग्रामपंचायत सदस्य म्हणून मी काय करू शकते?
*(एक वाचक, दर्यापूर तालुका)*

उत्तर : ताई, टोपलीने माती नेणारा शेतकरी आणि जेसीबी यांत मोठा फरक आहे, आणि आपण तो नेमका हेरला आहे. पांढरी पिकाला मानवते, कारण तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि कुजका कचरा मुरलेला असतो. म्हणजे वस्तीचा पुरावा आणि खत एकच. वर सांगितलेले पातळ थर त्याच मातीत आहेत, आणि यंत्राने एका दिवसात उचललेली माती पुन्हा त्या क्रमाने लागत नाही. आपण लिहिलेली मातीची गोल कडी दुर्लक्षून चालणार नाही. एकावर एक कडी रचून केलेल्या विहिरी प्राचीन काळी सांडपाण्यासाठी आणि पाण्यासाठीही वापरत. बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे पूर्णा नदीच्या परिसरात अशा विहिरी आणि स्तूपाचे अवशेष उत्खननात मिळाले आहेत. मोठ्या विटा आणि कडी एकत्र सापडत असतील तर जागा जाणकारांनी पाहावी अशीच आहे.

सरकारी जमिनीवरून परवान्याशिवाय माती उचलणे हा गौण खनिजाचा, म्हणजे माती-मुरूम-वाळू यांच्या उपशाच्या नियमांचा, विषय आहे, म्हणून आधी तहसीलदारांना लेखी कळवावे, आणि ग्रामसभेत यंत्राने खोदकाम न करण्याचा ठराव घ्यावा. टेकाडाचा गट क्रमांक, सातबाऱ्यावरची नोंद, मोजपट्टी ठेवून काढलेली विटांची व कड्यांची छायाचित्रे, आणि ती नेमकी कोठे निघाली याची खूण, एवढे जोडून राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नागपूर येथील कार्यालयाकडे पत्र द्यावे. त्याची एक प्रत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला आणि एक नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाला पाठवावी. नाणी किंवा इतर मौल्यवान वस्तू निघाल्यास १८७८ चा भारतीय निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) अधिनियम लागू होतो. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. ही दहा रुपयांची मर्यादा कायदा झाला तेव्हापासूनची आहे, त्यामुळे आज जवळपास प्रत्येक नाणे तिच्यात येते, हे गावातल्या मंडळींना समजावून सांगावे.

निघालेल्या वस्तू गोळा करून मंदिरात किंवा शाळेत नेऊन ठेवण्याचा मोह होतो. जेथे चोरीची भीती नाही तेथे त्या जागीच राहू द्याव्यात आणि वर मातीचा हलका थर टाकून झाकाव्यात. कडीची विहीर दिसत असेल तर तिच्यातली माती मुळीच उपसू नये, कारण आतला गाळच तिचा काळ सांगतो. पाऊस लागण्यापूर्वी हे पत्र गेले तर पाहणीला येणाऱ्यांना टेकाडाच्या कापलेल्या कडा कोरड्या आणि स्वच्छ मिळतील, म्हणून ग्रामसभेची वाट न पाहता तहसीलदारांना द्यायचे पत्र या आठवड्यातच द्यावे.